प्रतिसाद: दोष फक्त सुईचा नाही

वर एकांनी लिहिलंय की अफूजन्य नशा करणाऱ्यांना एचआयव्ही होतो तो फक्त सुईमुळे. सुई हे मुख्य कारण आहेच. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू तापमान अनुकूल असेल तर ४२ दिवसांपर्यंत तग धरू शकतो. पण गोष्ट तिथे संपत नाही.

मॉर्फिन ज्या ‘म्यू’ रिसेप्टरला (पेशीवरच्या ग्राहक रेणूला) चिकटून वेदना थांबवतं, तोच रिसेप्टर रोगप्रतिकारक पेशींवरही असतो. हेरॉइनचंही शरीरात मॉर्फिनच होतं. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी४ या पेशीवरच्या पहिल्या दाराबरोबर बहुधा सीसीआर५ हे दुसरं दार लागतं. प्रयोगशाळेत मॉर्फिन दिलेल्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) ही दारं वाढलेली दिसली. शिवाय ती अडवून धरणारी बीटा-केमोकाइन्स ही संदेशवाहक प्रथिनं कमी झाली. म्हणजे दारं जास्त आणि पहारा कमी! माणसाच्या शरीरात हा परिणाम वेगळा मोजणं मात्र अवघड, कारण कुपोषण, हेपेटायटिस सी, अर्धवट उपचार हे सगळं सोबत असतं.

म्हणून कुणाला ‘आधी नशा सोड, मग औषध देऊ’ असं कृपा करून सांगू नका. एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, लगेच सुरू करता येते. अफूजन्य व्यसनावरचा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा उपचारही सोबत चालतो आणि त्याने नव्या संसर्गाचा धोका साधारण निम्म्याने घटतो. फक्त एआरटीतलं एफाविरेन्झ हे औषध चालू असेल तर मेथाडोनची रक्तातली पातळी उतरते. मेथाडोन कमी पडून घाम, जांभया, अंगदुखी सुरू झाली तर तो रुग्णाचा बहाणा समजू नये, डोस तपासून घ्यावा.