सहा आठवड्यांत थेरपिस्ट?

कडू_कारले: काल इथे एका ताईंनी लिहिलं, "थेरपिस्ट व्हायला पदव्यांची भेंडोळी कशाला? माणसाचं ऐकता आलं की झालं. मी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला, आता क्लायंट घेते." डोकं सणकलं. बीए, एमए, मग प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षं एमफिल. वॉर्डात केस हिस्टरी लिहायची आणि मॅडमनी ती लाल करून परत फेकायची. तेव्हा कुठे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर मिळाला. हे काय हौस म्हणून केलं?

सुखदा_मावशी: त्या ताई मीच. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी मी लावलेली नाही. समुपदेशन करते. त्याला आरसीआय लागतं असं कुठे लिहिलंय?

एमए_भाग_दोन: मावशी, २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा (आरोग्याशी निगडित व्यवसायांचा) कायदा वाचा, समुपदेशकही त्यात आहेत. त्याच्याच आधारे यूजीसीने २०२५ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन मानसशास्त्र बंद केलं. आणि कारले, तुमचं एमफिलही गुंडाळतायत, प्रवेशाला मुदतवाढ मिळाली ती २०२५-२६ पर्यंतच. आम्ही कुठल्या दारात उभं राहायचं?

उदगीरकर: दोघांशीही असहमत. माझ्या भावाला 'बाहेरचं' झालंय म्हणून आम्ही चार महिने देवऋष्याकडे खेटे घातले. ओळखलं कुणी? शाळेतल्या बाईंनी. शिक्षण डीएड.

कडू_कारले: ओळखलं, आणि डॉक्टरकडे पाठवलं ना? स्वतः सेशन नाही घेतली! माझ्याकडे एक मुलगी आली होती. जीव द्यावासा वाटतो म्हटल्यावर आधीच्या 'कोच'ने तिला कृतज्ञतेची वही लिहायला लावली होती.

नाना_डोंबिवली: अवांतर: ५० मिनिटांचे २,००० रुपये! तासही पुरा नाही.

कडू_कारले: उरलेल्या दहा मिनिटांत नोंदी लिहिते, नाना. सुपरव्हिजनचे, म्हणजे माझ्या केसेस वरिष्ठांकडून तपासून घेण्याचे, पैसे मी खिशातून भरते.

नाना_डोंबिवली: आमच्या वेळी कट्ट्यावर कटिंग पाजली की मन मोकळं व्हायचं.

शमा: आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीचं! माझा घटस्फोट होणार हे मला कट्ट्यावरूनच कळलं.

नाना_डोंबिवली: व्यक्तिगत होऊ नका. मुद्दा फीचा आहे.

शमा: तुमचा नेहमी फीचाच असतो. दाताच्या डॉक्टरांवरच्या चर्चेतही तेच.

उदगीरकर: नाना, १४४१६ लावा. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीतही बोलतात. पण समोर बसणारं माणूस आम्हाला लातूरच्या अलीकडे सापडलं नाही, त्याचं काय? कारले, तुम्ही येता उदगीरला?

कडू_कारले: …नाही. मान्य.

सुखदा_मावशी: मीही मान्य करते बाई, त्या मुलीचं वाचून पोटात गोळा आला. प्रोफाइलवरचं 'थेरपिस्ट' काढलं. 'श्रोता' लिहिलंय. खूश?

नाना_डोंबिवली: श्रोत्याचे किती घेता?