‘टेक लीव्ह’मधली रजा : निघण्याचे इंग्रजी वाक्प्रचार

खानापूरहून शंका

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. ‘ही टुक लीव्ह ऑफ हिज होस्ट अँड सेट आउट अॅट डॉन’ हे वाक्य वर्गात मराठीत लिहायला दिले, तेव्हा बहुतेक मुलांनी ‘त्याने यजमानाला सोडले’ असे लिहिले. एका मुलीने मात्र ‘त्याने यजमानाची रजा घेतली आणि पहाटे तो निघाला’ असे लिहिले. रजा म्हणजे कचेरीची सुट्टी एवढेच बाकीच्यांना ठाऊक असल्यामुळे ते हसले. मुलीचे उत्तर बरोबर धरावे काय? आणि निघण्या-जाण्याचे असे इतर वाक्प्रचार मुलांना कसे समजावून सांगावेत?

बेळगावहून उत्तर

ताई, त्या मुलीला पूर्ण गुण द्यावेत, कारण वर्गात तिचेच वाक्य सर्वांत नेमके आहे. इंग्रजीत ‘लीव्ह’ हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. सोडणे, मागे ठेवणे या अर्थाचे क्रियापद वेगळे आणि परवानगी या अर्थाचे नाम वेगळे. उच्चार आणि लेखन एकच झाल्यामुळे गोंधळ होतो. ‘टेक लीव्ह’मध्ये दुसरा शब्द आहे, म्हणजे पाहुणा यजमानाकडे जाण्याची परवानगी मागतो आणि ती मिळाल्यावर निघतो. आपली ‘रजा’ही अरबीतून फारसीच्या वाटेने आली असून तिचा मूळ अर्थ संमती, मर्जी असाच आहे, ‘राजी’ हा शब्द तिच्याच कुळातला. नोकरदाराला मिळणारी सुट्टीही वरिष्ठाच्या संमतीनेच मिळते, म्हणून इंग्रजीत ती ‘लीव्ह’ झाली आणि मराठीत ‘रजा’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच अर्थापासून त्याच दुसऱ्या अर्थापर्यंत यावे, हे मला फार मोलाचे वाटते.

‘निरोप घेणे’ हेही तितकेच योग्य भाषांतर होईल. निरोप म्हणजे आज सांगावा, पण जुन्या मराठीत त्याला आज्ञा असाही अर्थ होता, आणि जुन्या कन्नड कागदपत्रांत ‘निरूप’ म्हणजे हुकूमच. आपल्या भागातील मुलांना तर यासाठी पोथ्यांकडे जाण्याचीही गरज नाही. कुणाच्या घरून उठताना आपण ‘येऊ काय काकू?’ असे विचारतो, आणि काकू ‘या, सावकाश जावा’ असे म्हणाल्यावरच चपला पायात घालतो. शेजारच्या कन्नड घरात हाच प्रश्न ‘होगि बरले?’ म्हणजे ‘जाऊन येऊ का?’ असा विचारला जातो. ही परवानगीच आहे, आणि ‘टेक लीव्ह’ म्हणजे नेमके हेच, असे सांगितले तर मुले पुन्हा ‘सोडले’ असे लिहिणार नाहीत.

परवानगी न घेता, यजमानाला न सांगता निघून जाणे याला इंग्रज ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात. फ्रेंच लोक मात्र त्याच वागण्याला ‘इंग्रजी पद्धतीने निसटणे’ म्हणतात. मराठीने यात कोणत्याही शेजाऱ्याचे नाव गोवलेले नाही. आपल्याकडे माणूस नुसता ‘काढता पाय घेतो’, आणि अपराध करून पळाला असेल तर ‘पोबारा करतो’.

‘सेट आउट’ आणि ‘सेट ऑफ’ या दोहोंना ‘निघणे’ पुरते. पहिल्यात ठरवलेला पल्ला किंवा हेतू अधिक जाणवतो, एवढे सांगितले तरी चालेल. ‘हिट द रोड’मधील ‘हिट’चा मारण्याशी संबंध जोडू देऊ नये, तिथे ‘वाट धरणे’ योग्य. त्याऐवजी ‘रस्ता सुधारणे’ लिहिल्यास मात्र कुणाला तरी हाकलून लावल्याचा वास येतो. ‘बीट अ रिट्रीट’मधील ‘बीट’ म्हणजे ढोल वाजवणे, कारण माघारीचा इशारा ढोलावर दिला जाई. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने लष्करी बँड आपल्या मुलांना नवा नाही, म्हणून हे त्यांना चटकन पटावे.

‘वे अँकर’ जरा सावकाश शिकवावे. त्यातील ‘वे’ म्हणजे वजन करणे नव्हे, उचलणे हा त्याचा जुना अर्थ आहे. मराठीत ‘नांगर उचलणे’ असे म्हटले की घाटाच्या वरच्या अंगाला वाढलेल्या मुलाला शेतातला नांगर आठवतो. तेव्हा गलबताचा नांगर निराळा, हे आधी सांगावे लागते.

निपाणीहून जोड

सर, बिऱ्हाड हलवण्याचा वाक्प्रचार राहिला. ‘पुल अप स्टेक्स’ म्हणजे रोवलेल्या खुंट्या उपटून दुसरीकडे जाणे. यासाठी आपल्याकडे ‘गाशा गुंडाळणे’ आहे. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे कापड. मात्र गाशा गुंडाळण्यात धंदा बसल्याची किंवा नाइलाजाची छटा असते, ती इंग्रजीत असतेच असे नाही, त्यामुळे साध्या बदलीसाठी ‘बिऱ्हाड हलवणे’ हेच बरे. उलट, मुहूर्तावर निघणे शक्य नसेल तर तांदूळ-सुपारीची पुरचुंडी आधीच शेजारी नेऊन ठेवायची, या आपल्या ‘प्रस्थान ठेवणे’ला इंग्रजीत जोड सापडत नाही, तिथे दोन वाक्यांत प्रथाच सांगावी लागते.

बेळगावहून पुन्हा

गाशाविषयीची सूचना अगदी रास्त आहे. त्याला धरून ‘मूव्ह ऑन’बद्दल लिहितो, कारण अलीकडे दुःखाच्या प्रसंगीही त्याचे ‘पुढे जा’ असे शब्दशः भाषांतर होते. मराठीत ‘तुम्ही पुढे व्हा, मी आलोच’ हे वाटेवरचे बोलणे आहे. मनाच्या बाबतीत आपण ‘मागचे मागे टाक’ किंवा ‘त्यातून मन काढून घे’ असे म्हणतो, आणि परीक्षेच्या उत्तरातही तेच असावे. ‘फेअरवेल’मधील ‘फेअर’ म्हणजे मुळात प्रवास करणे, आणि बसच्या भाड्याला ‘फेअर’ म्हणतात तेही त्याच मुळातून. म्हणजे ‘फेअरवेल’ हा निघणाऱ्याला उद्देशून म्हणायचा शब्द आहे, आणि त्याचे मराठी काकूंच्या ‘सावकाश जावा’मध्ये आहेच.