मेणबत्त्या लावल्या, कामावर घेणार कोण?

सीमावासी: 20 नोव्हेंबरला मारल्या गेलेल्या तृतीयपंथीयांसाठी आमच्या कंपनीत मेणबत्त्या लावल्या. अमेरिकेतलं हे खूळ बेळगावच्या उद्यमबागेत कशाला? इथं शिकलेल्या पोरांना काम मिळंना.

शहापूरची वहिनी: खूळ? 1998 मध्ये बोस्टनला रीटा हेस्टर या तृतीयपंथी बाईला राहत्या घरी भोसकलं, खुनी अजून सापडलेला नाही. पुढच्या वर्षापासून हा दिवस पाळतात. अमेरिकेचं नको असेल तर 1 मेची सुट्टीपण सोडा, तीही शिकागोचीच. आणि आपल्याकडं काय? 2019च्या कायद्यात त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला तर जास्तीत जास्त दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा. जिवाची किंमत कायद्यानंच ठरवून दिलीय. सौंदत्तीला यल्लम्माला वाहिलेल्या तृतीयपंथी जोगप्पाच्या पाया पडता, परडीत पीठ घालता, आणि तोच गेटवर काम मागायला आला की वॉचमन हाकलतो.

सीमावासी: 1 मे काढू नका वहिनी. 1960ला आम्हा बेळगावकडच्या मराठी माणसांना कर्नाटकात ठेवून महाराष्ट्र झाला, त्याचं कुणाला सुतक आहे?

खानापूरकर: बरोबर. 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हार घालायला आमचीच चार डोकी. कर्नाटकानं 2021ला तृतीयपंथीयांना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, आम्हाला साधं मराठी परिपत्रक देत नाहीत!

वहिनी: म्हणजे तुम्हाला डावललं तर अन्याय, त्यांना डावललं तर चालतंय?

खानापूरकर: शब्द तोंडात घालू नका. माझ्या भावाला कन्नड लिहिता येत नाही म्हणून मुलाखतीतून उठवलं. तेव्हा कुठं होता तुमचा समावेश?

निपाणीचा: झालं सुरू! कुठलाही विषय काढा, गाडी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरच थांबणार.

फाउंड्रीतला सुपरवायझर: भांडा निवांत. आमच्या शॉपमध्ये त्यांच्यातल्या एकीला फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, घेतलं होतं. हात चोख, कास्टिंग परत यायचं नाही. अडलं कुठं, तर संडासात. बायका म्हणाल्या इकडं नको, तिकडं पोरं दार बडवायची. मग तिनं पाणी प्यायचंच सोडलं. भट्टीशेजारी, उन्हाळ्यात! चक्कर येऊन ग्राइंडरजवळ पडली. मालकानं 'तब्येत झेपत नाही' म्हणून हिशोब करून टाकला. कोची मेट्रोनं 2017ला त्यांना कामावर घेतलं, तर घरमालक खोली देईनात, म्हणून काहींनी नोकरी सोडली. घेणं सोपं असतंय ओ, टिकवणं अवघड.

सीमावासी: हे आधी सांगायचं की. मग मेणबत्त्यांपेक्षा एक संडास बांधा म्हणावं, मी वर्गणी देतो. भाषण मात्र नको.

वहिनी: केवढे उपकार! वर्गणी मालकाकडून घ्या, तुमच्याकडून नको. आणि मेणबत्त्याही लावणारच.

खानापूरकर: बांधा, बांधा. दारावरची पाटी कन्नडमधीच लागणार, लिहून ठेवा.