धागा: ७५० तासांत सहा वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत थेरपी शिकवता येते का?

अबोली
अमेरिकेत मानसोपचाराची नर्स प्रॅक्टिशनर (औषधं लिहून देऊ शकणारी उच्चशिक्षित नर्स), म्हणजे पीएमएचएनपी, परीक्षा पास झाली की तिच्या प्रमाणपत्रावर 'सर्व वयोगटांसाठी' अशी मोहोर बसते. कागदावर ती पहिलीतल्या मुलाची भीतीही घालवू शकते आणि पत्नी गेलेल्या आजोबांबरोबर आठवड्याला बसूही शकते. परीक्षा घेणाऱ्या एएनसीसीची थेरपीविषयीची अट मात्र एका ओळीची आहे: किमान दोन थेरपी पद्धतींचं क्लिनिकल प्रशिक्षण. किती रुग्ण, किती सेशन, ती कुणी पाहिली, यावर त्या ओळीत अक्षर नाही. एएनसीसीचा एकूण तासांचा आकडा ५००. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी अभ्यासक्रमांसाठी तो किमान ७५० केला. वाढलेले तासही औषधांच्या भेटींतच जिरतात.

माझा प्रस्ताव असा. पद्धती दोनच, पण पूर्ण: सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी) आणि आयपीटी (नात्यांवर काम करणारी). रुग्ण पाच: ६ ते ११ मधलं एक मूल, एक किशोरवयीन, दोन प्रौढ, एक पासष्टीपुढचे. प्रत्येकी १२ सेशन, म्हणजे ६० तास. शिवाय दर आठवड्याला तासभर सुपरव्हिजन, आणि तीही रेकॉर्डिंग लावून. आठवणीतून सांगताना विद्यार्थी अगदी प्रामाणिकपणे 'अजेंडा ठरवला, गृहपाठ दिला' म्हणतो. रेकॉर्डिंगमध्ये दिसतं की अजेंडा त्याने एकट्यानेच ठरवला, गृहपाठ रुग्ण उठून उभा राहिल्यावर दिला आणि मागच्या आठवड्याचा गृहपाठ विचारलाच नाही. ही शेवटची चूक सगळ्यांत महाग. दोनदा विचारलं नाही की तिसऱ्यांदा रुग्ण करत नाही.

मोजायला सीटीआरएस आहे, म्हणजे सीबीटीचं सेशन ऐकून गुण द्यायची मोजपट्टी. ११ मुद्दे, प्रत्येकाला ० ते ६, एकूण ६६. साधारण ४० ला सीबीटी जमली असं धरतात. विद्यार्थ्याने निदान दोन रेकॉर्डिंगवर ४० गाठल्याशिवाय पदवी देऊ नये.

पश्चिमवारा
अबोलीताई, हिशेब छान आहे, पण मुळातच पटत नाही. क्लिनिकल सोशल वर्करला स्वतंत्र परवान्यासाठी मास्टर्सनंतर अनेक राज्यांत सुमारे ३००० तास सुपरव्हिजनखाली काढावे लागतात. तुम्ही ६० तासांत चार वयोगट उरकणार आणि त्याला 'पूर्ण' म्हणणार. एका मुलावर १२ सेशन केलेल्या माणसाला बालथेरपी येते असं मानणं हेच धोक्याचं. न येणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपल्याला येत नाही.

नर्स प्रॅक्टिशनरकडे लोक का येतात? औषध लिहून देणारं माणूस महिनोन्‌महिने मिळत नाही म्हणून. थेरपिस्ट त्या मानाने मिळतात. मग जे दुर्मिळ तेच तिला नीट शिकवा: निदान, औषधांची सरमिसळ, लिथियमची रक्ततपासणी, कुठल्या रुग्णाला कुठली थेरपी लागेल आणि ती कुणाकडे मिळेल. औषधाच्या भेटीत लागणारं प्रेरक संभाषण आणि आत्महत्येच्या धोक्यासाठीची सुरक्षा-योजना जरूर शिकवा. पन्नास मिनिटांची थेरपी ज्याची त्याला करू द्या.

खडूफळा
पश्चिमवारा, 'ज्याची त्याला' म्हणताय म्हणून आधी इतिहास. अमेरिकी नर्स-शिक्षिका हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये नर्स-रुग्ण नातं हाच उपचाराचा गाभा मानून मांडणी केली, आणि त्याच दशकात रटगर्स विद्यापीठात मानसोपचार नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. विद्यार्थिनी प्रत्येक संभाषण शब्दशः लिहून आणायच्या: रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला काय वाटलं. औषधं लिहिण्याचा अधिकार नर्सेसना राज्याराज्यांतून पुष्कळ नंतर मिळाला. त्यामुळे थेरपी या पेशाला वरून चिकटवलेली नाही. चिकटवली असतील तर औषधं.

आता व्यवहार. तुमची पदवीधर नोकरीला लागली की दवाखाना तिच्याकडून २५-३० मिनिटांच्या भेटीच्या बिलात ९९२१४ या तपासणीच्या कोडसोबत ९०८३३ लावून घेणार. ९०८३३ हा थेरपीचा जोड-कोड, थेरपीची १६ ते ३७ मिनिटं असतील तरच लागतो, आणि औषधतपासणीचा वेळ त्यात धरता येत नाही. २० मिनिटांच्या भेटीत डोस बदलला, झोप विचारली, रक्तदाब पाहिला आणि वर १६ मिनिटं थेरपीही झाली? विमा कंपनीचा तपासनीस नोंद उघडतो तेव्हा 'आधार दिला, समुपदेशन केलं' एवढंच सापडतं. कुठली पद्धत, कुठलं उद्दिष्ट, किती मिनिटं, रुग्णाचा प्रतिसाद काय, काहीच नाही. पैसे परत करावे लागतात ते वेगळं. रुग्णाला थेरपी मिळालीच नाही हे त्याहून वाईट. म्हणजे कोड लावण्यापुरती थेरपिस्ट ती आजही आहेच. शिकवायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

समईवात
मुलांबद्दल बोलते, कारण दोन्ही बाजू 'मूल' हा शब्द फार सहज वापरतायत.

प्रौढांवर सीबीटी शिकलेला विद्यार्थी सात वर्षांच्या मुलापुढे बसला की पहिला प्रश्न ठरलेला: 'तेव्हा तुझ्या मनात कुठला विचार आला?' मूल म्हणतं, 'माहीत नाही.' विद्यार्थी तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारतो आणि नोंदीत लिहितो, 'सहकार्य कमी.' खरं तर त्या वयात विचार तपासण्यावर भर द्यायचाच नसतो, काम वागण्यातून करायचं असतं. पहिली भेट एकट्या पालकांची: जन्मापासूनची वाढ, शाळा, घरात कोण कशाला घाबरतं. पुढच्या ४५ मिनिटांतली साधारण १० पालकांसोबत, २५ मुलासोबत, शेवटची १० सगळे मिळून. भीतीचा थर्मामीटर ० ते १० मुलाकडूनच काढून घ्यायचा, भीतीची शिडी त्यानेच रंगवायची, आणि खालच्या पायरीचा सराव तिथल्या तिथे, खोलीत. कुत्र्याची भीती असेल तर आधी चित्र, मग व्हिडिओ, मग खिडकीतून दिसणारा कुत्रा. आकडा उतरेपर्यंत, निदान 'वाटलं तेवढं भयंकर नव्हतं' असं मुलाच्या तोंडून येईपर्यंत, थांबायचं. घाईने सुटका केली की भीती पक्की होते.

आणि सगळ्यांत जास्त बिघडतं ते घरी. आई दहादा 'काही नाही होणार हं' म्हणते, बाबा शाळा बुडवू देतात. हे लाड नव्हेत, भीतीला घातलेलं खतपाणी. पालकांसोबतची १० मिनिटं त्यासाठीच. विद्यार्थी हमखास गाळतात ती नेमकी हीच, कारण मोठ्यांना 'तुम्ही असं करू नका' सांगायला त्यांना अवघड वाटतं.

किशोरवयीनांचं गणित वेगळं. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, पालक समोर असताना सांगायची: जिवाला धोका आणि अत्याचार सोडून बाकी इथलं इथेच. बालअत्याचाराचा संशय आला तर कळवणं प्रत्येक राज्यात बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं नाही आणि तिसऱ्या सेशनला फोन करावा लागला, तर चौथं सेशन होत नाही.

तेव्हा अबोलीताई, तुमचं एक मूल पुरेसं नाही. निदान दोन हवीत, एक भीतीचं आणि एक आक्रस्ताळेपणाचं. दुसऱ्यात तर बहुतेक काम पालकांवरच असतं.

दमयंती_के
प्लेसमेंट, म्हणजे विद्यार्थ्यांचं दवाखान्यातलं प्रशिक्षण, लावणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द. सेमिस्टर १५ आठवड्यांचं. पहिले दोन आठवडे संगणकाचा प्रवेश, लसींचे कागद आणि ओळखपाळख यांत जातात. तिसऱ्या आठवड्यात रुग्ण मिळाला आणि त्याने एकदाही दांडी मारली नाही, तर बारावं सेशन चौदाव्या आठवड्यात. थँक्सगिव्हिंगची सुट्टी मध्ये येतेच. दांड्या तर असतातच. म्हणजे बहुतेक विद्यार्थी आठव्या-नवव्या सेशनला निघून जाणार, आणि उपचार संपवायचा कसा हे कधी शिकणारच नाहीत. आयपीटीत तर शेवटची सेशन हा उपचाराचाच भाग. निरोपाचं दुःख तिथे बोलायचं असतं.

प्रिसेप्टर, म्हणजे दवाखान्यात विद्यार्थ्याला शिकवणारा, कोण? तो स्वतः औषधांच्या भेटीच करतो. त्याला सीटीआरएस भरता येत नाही, यात त्याचा दोष नाही. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर रुग्णाची लेखी संमती, कुठल्या सर्व्हरवर ठेवायचं, किती दिवसांनी पुसायचं, हे करार करण्यातच वर्ष जातं.

अबोली
दमयंतीताई, सेमिस्टरचा मुद्दा मान्य. थेरपीची प्लेसमेंट सलग दोन सेमिस्टरची ठेवावी, आठवड्यातून अर्धा दिवस, औषधांच्या प्लेसमेंटला समांतर. प्रिसेप्टर नर्सच हवा हा हट्ट थेरपीपुरता सोडावा. मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्करने सेशन पाहावीत, श्रेणी कॉलेजच्या शिक्षकाने द्यावी. समईवात, दुसरं मूल मान्य. ७२ तास झाले.

पश्चिमवारा, तुमच्या ३००० तासांना गोव्याचं उत्तर आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने ज्यांना मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नव्हतं अशा स्थानिक समुपदेशकांना वर्तन-सक्रियता (उदास माणसाला हळूहळू पुन्हा कामांत, आवडींत गुंतवणं) शिकवली. ६ ते ८ सेशन, प्रत्येक ३०-४० मिनिटांचं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत नैराश्यावर त्याचा फायदा दिसला. हे समुपदेशक एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे, गटात बसून. तास कमी होते, पण पाहिलेले होते.

पश्चिमवारा
गोव्याचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं हो! तिथे आजार एक, पद्धत एक, रुग्ण सगळे प्रौढ, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवर १४ च्या वर गुण असलेले. मूल नाही, आघात नाही, दोन-दोन आजारांची गुंतागुंत नाही. इतकं अरुंद केलं म्हणूनच जमलं. तसंच अरुंद करा की इथे: प्रौढांचं नैराश्य आणि चिंता, बस. आणि मग 'सर्व वयोगटांसाठी' ही मोहोर काढा. ते कुणी करायला तयार नाही, कारण नोकरीच्या जाहिरातीत तीच लागते.

खडूफळा
मोहोर काढण्याला माझा पाठिंबा आहे, गंमत म्हणजे. पूर्वी प्रौढ आणि कुटुंब अशा दोन वेगळ्या परीक्षा होत्याच. पण एक सांगा. पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं औषध सुरू केलंत. २४ वर्षांपर्यंतच्या रुग्णांसाठी त्यावर आत्महत्येच्या विचारांचा चौकटीतला इशारा आहे. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता वाढली तर ती कुणाला दिसणार? महिन्याने पुढची तारीख दिलेल्या औषधवाल्याला, की दर मंगळवारी तिच्यासमोर बसणाऱ्याला? एकाच माणसाने दोन्ही करण्याचा फायदा इथे आहे, आणि तो लहान वयातच सर्वांत जास्त आहे.

केवडा
म्हाताऱ्यांना सगळे विसरले, नेहमीप्रमाणे.

पासष्टीपुढच्या रुग्णात थेरपीआधी टीएसएच (थायरॉइड) आणि बी-१२ च्या तपासण्या, आणि औषधांची पूर्ण पिशवी टेबलावर. झोपेसाठी वर्षानुवर्षं बेंझोडायझेपिन गटातली गोळी चालू असेल तर मागच्या आठवड्याचं सेशन आठवत नाही हे 'विरोध' नसून गोळी आहे. विस्मरणाची शंका असेल तर आधी तपासणी. कानाचं यंत्र लावलंय का, बॅटरी आहे का, हे पहिल्या मिनिटाला. एका सेशनला एकच नवी गोष्ट, शेवटी मोठ्या अक्षरांत लिहून हातात, आणि मधल्या आठवड्यात पाच मिनिटांचा फोन. आयपीटी इथे फार चांगली बसते, कारण तिचे शोक आणि भूमिकाबदल हे दोन विषय या वयात आयतेच समोर असतात.

न्यू जर्सीत मुलाकडे राहायला आलेल्या आजींबाबत अजून एक. त्या 'उदास आहे' म्हणत नाहीत, 'छातीत धडधडतं', 'अन्न जात नाही' म्हणतात. आणि दुभाषा म्हणून शाळकरी नातवाला बसवतात. ते चालत नाही. तातडीची वेळ सोडून अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला संघराज्याच्या नियमांनी मनाई आहे. आजींनी स्वतःहून मागितलं तर सून बसलेली नियमात बसू शकते, फक्त मग आजी सुनेबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

दमयंती_के
सगळं मान्य केलं तरी माझा फॉर्म भरायचा राहतोच. रुग्ण चौथ्या सेशननंतर आलाच नाही, तर ते सहापैकी एक धरायचं की नाही?

अबोली
तास धरायचे, रुग्ण नाही. आणि चौथ्याचं रेकॉर्डिंग सुपरव्हिजनमध्ये पहिलं लावायचं.