प्रेशर ट्रान्समीटर डिझाइन इंजिनिअरपर्यंत पोहोचवायचा कसा?

दाबमापी:
प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून त्याचा विद्युत सिग्नल देणारं उपकरण) बनवणाऱ्या कंपनीचं मार्केटिंग बघते. ग्राहक म्हणजे यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांतले डिझाइन इंजिनिअर. माहितीपत्रक डाउनलोड करायला फॉर्म ठेवलाय, पण त्यात बरेच नंबर खोटे येतात आणि खऱ्या नंबरवर कुणी फोन उचलत नाही. नेमकं काय बदलू?

कॅलिपर:
सुरुवात माहितीपत्रकापासून करा. ‘उच्च अचूकता, दणकट बांधणी’ वाचून इंजिनिअर पान बंद करतो, कारण यातलं काहीच त्याला हिशेबात धरता येत नाही. ‘अचूकता ±०.५%’ हेही अर्धवटच. कशाच्या ०.५%? फुल स्केलच्या, म्हणजे मोजता येणाऱ्या कमाल दाबाच्या, असेल तर १० बारच्या ट्रान्समीटरमध्ये चूक ±०.०५ बार, म्हणजे १ बार मोजताना चक्क ५%. रीडिंगच्या, म्हणजे त्या वेळी मोजलेल्या दाबाच्या, ०.५% असेल तर चित्रच वेगळं. त्यात हिस्टेरिसिस (दाब चढताना आणि उतरताना येणारा फरक) आणि रिपीटॅबिलिटी (तोच दाब पुन्हा मोजल्यावर येणारा फरक) धरलीय का, आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे की सगळ्या तापमानांचा, हे त्याच ओळीत हवं. ‘टिपिकल’ (सहसा येणारी चूक) ठळक आणि ‘मॅक्सिमम’ (जास्तीत जास्त चूक) तळटीपेत, असं तर मुळीच नको. डिझाइन मॅक्सिमम धरूनच होतं.

कुठे वापरू नये तेही लिहा: कोणत्या रसायनाने डायफ्राम (दाब झेलणारा पातळ पडदा) गंजतो, दाबाचा धक्का किती सोसतो. हे स्पष्ट दिसलं की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

सोल्डर:
फॉर्म काढूनच टाका. डेटाशीट, स्टेप फाइल (पार्टचं थ्रीडी मॉडेल), वायरिंग ड्रॉइंग विनाअट मिळू द्या. स्टेप फाइल इंजिनिअरच्या यंत्राच्या असेंब्लीत बसली की पोर्टचा थ्रेड, कनेक्टर, जागा सगळं तुमच्या मापाने ठरत जातं. नाव-पत्ता नमुना मागवताना विचारा. पार्सल यायचं असतं, त्यामुळे पत्ता खरा मिळतो.

तक्ते चित्र म्हणून टाकू नका, मजकूर म्हणून टाका. शोध ‘०-१० बार, ४-२० मिलिअँपिअर, जी १/४’ (दाबाची कक्षा, सिग्नल, थ्रेडचं माप) असाच घेतला जातो.

दाबमापी:
पटलं. पण माझे वरिष्ठ लीडचे (संभाव्य ग्राहकांचे) आकडे मागतात, ते कुठून आणू?

कॅलिपर:
मागवलेले नमुने, आलेले तांत्रिक प्रश्न आणि किती यंत्रांच्या डिझाइनमध्ये पार्ट पक्का झाला, हे तीन दाखवा. प्रश्नांना उत्तर अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरनेच (ग्राहकाला वापराबाबत तांत्रिक मदत करणाऱ्याने) द्यावं, आणि तेही आकड्यांत. उदाहरणार्थ, सप्लाय २४ व्होल्ट आणि ट्रान्समीटरला किमान १० व्होल्ट लागत असतील, तर २० मिलिअँपिअरला लूपमध्ये (सिग्नल वाहणाऱ्या सर्किटमध्ये) जास्तीत जास्त ७०० ओहम रोध चालेल. तेच उत्तर नंतर वेबसाइटवर टाका. पुढच्याचाही तोच प्रश्न असतो.

सोल्डर:
आणखी एक. पार्ट इंजिनिअर निवडतो, पण मंजुरी खरेदी विभाग आणि क्वालिटीकडून येते. त्यांच्यापुढे ठेवायला त्याला एक पान तयार द्या: सध्याच्या पार्टशी तुलना, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचा नमुना, डिलिव्हरीची मुदत, उत्पादन बंद करण्याआधी किती महिने कळवणार. पिनआउट (कनेक्टरच्या कोणत्या पिनला कोणती तार) सध्याच्या पार्टपेक्षा वेगळा असेल तर ते तुलनेच्या पहिल्याच ओळीत लिहा.