मदत हवी आहे: गिटला वैतागलो, आयडीईत बसेल असं दुसरं काही सांगा (अर्जंट)

काटापावती: मंडळी, कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतोय. मी जळगावात, चुलतभाऊ चोपड्याला. आजवर पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवर झिप. परवा भावाने माझ्या फोल्डरवर त्याचं जुनं फोल्डर टाकलं, ओलाव्याच्या कपातीचा दोन दिवस बसून लिहिलेला कोड गेला. शेठजींना मुहूर्ताला पावती निघायला हवी. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) करून पाहिलं, चालत नाही. आयडीईतूनच (ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रॅममधूनच) सगळं होईल असं टूल सांगा. काळी खिडकी (कमांड लाइन) उघडायला लावू नका.

तापीकाठ: कोणता आयडीई? कोणती भाषा? "चालत नाही" म्हणजे नेमकं काय होतं?

धुळेकर_काका: दोघंच आहात ना? मग एसव्हीएन, गिटसारखंच जुनं टूल. त्याचा टॉर्टॉइज प्रोग्रॅम टाका, फोल्डरवर राइट क्लिक, कमिट (बदलाची नोंद), विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच आहे.

भरीतपुरी: काका, एसव्हीएनला दर कमिटला सर्व्हर गाठावा लागतो. चोपड्यात लाइट गेली की वायफाय गेलं. गिटचं कमिट आपल्याच मशीनवर होतं, पुश (सर्व्हरवर पाठवणं) नंतर केलं तरी चालतं.

धुळेकर_काका: लाइट गेल्यावर तुमचं गिट काय डिझेलवर चालतं?

भरीतपुरी: लॅपटॉपला बॅटरी असते, काका.

रावेर_केळी: मर्क्युरियल बघा, तेही तसलंच टूल. गिटपेक्षा डोक्याला ताप कमी, आणि नेटबीन्स आयडीईत आधीपासून आहे.

तापीकाठ: आणि ठेवणार कुठे? कोड ऑनलाइन ठेवायच्या बिटबकेट साइटने 2020 मध्येच मर्क्युरियल बंद केलं.

शेतकरीपुत्र: ओलाव्याची कपात किती टक्क्यांपासून लावता? सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, पुढे 12 पर्यंत कापून घेते. व्यापारी मूठ दाबून अंदाजाने ठरवतात. सॉफ्टवेअरमध्ये मूठ टाकणार का?

काटापावती: @शेतकरीपुत्र टक्केवारी शेठजी ठरवतील, मी फक्त गुणाकार करतो. @तापीकाठ नेटबीन्स, जावा, विंडोज 10. गिटहब साइटवर रेपो (कोडचं ऑनलाइन कोठार) केला, टीम मेनूतून कमिटही झालं. पुश करताना युजरनेम-पासवर्ड टाकला की "नॉट ऑथोराइज्ड". पासवर्ड बरोबरच आहे, ब्राउझरमध्ये त्यानेच लॉगिन होतं.

भरीतपुरी: हाई पहिले सांगनं व्हतं ना भो! इथे काका आणि मी उगाच भांडलो.

तापीकाठ: म्हणजे गिट चालतंय, अडलाय तो पासवर्ड. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहब पुशला खात्याचा पासवर्ड घेतच नाही, टोकन लागतं. सेटिंग्ज, त्यात सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज, तिथे पर्सनल ॲक्सेस टोकन. क्लासिक घ्या, "रेपो"वर टिक करा आणि मिळेल ती लांबलचक अक्षरं नेटबीन्सच्या पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करा. ती एकदाच दिसतात, लगेच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर नका टाकू. टूल बदलू नका, टोकन काढा.

आणि नेटबीन्सच्या एनबीप्रोजेक्ट फोल्डरमधला प्रायव्हेट फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्या यादीत) घाला. त्यात तुमच्या मशीनचे पाथ असतात, भावाच्या मशीनवर त्यांचा काही उपयोग नाही.

पुण्यातला_अमळनेरकर: नेटबीन्स अजून कोण वापरतं? इंटेलिजे घ्या, आयुष्य बदलेल.

धुळेकर_काका: त्यांनी आयडीई कोणता घेऊ असं विचारलंय का?

पुण्यातला_अमळनेरकर: काका, त्यांनी एसव्हीएनही नव्हतं विचारलं.

रावेर_केळी: रोज रात्री एक झिप गूगल ड्राइव्हवरही टाकत जा. मी तेवढंच करतो.

तापीकाठ: मग मर्क्युरियल कोणाला सुचवत होतात?

काटापावती: गेलं!! टोकन टाकल्याबरोबर पुश झालं. तीन दिवस पासवर्ड बदलत बसलो होतो. रेपो प्रायव्हेट ठेवलाय. भावाला लिंक पाठवून क्लोन करायला (त्याच्या मशीनवर प्रत उतरवायला) सांगितलं, तर त्याला रेपो सापडतच नाही म्हणे. आता काय?

भरीतपुरी: भावाला कोलॅबोरेटर म्हणून घातलंय का?

काटापावती: ते काय असतं?