चर्चा: बेळगावात चित्रप्रदर्शनं रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावीत का?

रंगरेषा, शहापूर
प्रदर्शन संध्याकाळी सातला बंद होतं, दुकानं-ऑफिसं सुटतात तीही त्याच सुमारास. कलाशिक्षक के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे जिथे शिकले, त्या गावात आजच्या चित्रकाराचं काम बघायला नोकरदाराला सवड मिळू नये? रात्री टीव्हीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' चुकली तरी दुसऱ्या दिवशी ॲपवर सापडते. भिंतीवरून उतरलेलं जलरंगचित्र परत सापडत नाही, आणि फोनच्या फोटोत कागदाचा पोत दिसत नाही.

हशा, खानापूर
मला नाही पटत, ताई. साध्या ट्यूबखाली लाल मळकट होतो. समोरच्या भिंतीवरची ट्यूब फ्रेमच्या काचेत उमटते आणि चित्राच्या गडद भागात आपलंच तोंड दिसतं. चित्र दिवसाच बघावं, उत्तरेच्या खिडकीचा उजेड असेल तर उत्तमच.
दुसरं, विनोद नंतर बघू म्हणता, पण नंतर बघतो ते तुकडे. हास्यजत्रेचे लेखक-दिग्दर्शक सचिन मोटे आणि सचिन गोस्वामींच्या प्रहसनात शेवटी हशा पिकतो त्याची पेरणी सुरुवातीलाच झालेली असते. क्लिप करताना कात्री लागते ती नेमकी तिथे! पंचच्या आधी नट अर्धा क्षण थांबतो, तो थांबाही जातो. रात्री जेवणं उरकून घरातले सगळे बसतात तेव्हाच अख्खं प्रहसन बघून होतं.

रंगरेषा, शहापूर
उजेडावर उपाय आहे. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, शंभरपैकी) ९० च्या वरचे, ४००० केल्विनचे, म्हणजे फार पिवळटही नाही नि निळसरही नाही असे एलईडी स्पॉट घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर, छत दहा फूट असेल तर दिवा भिंतीपासून तीन फुटांवर. म्हणजे उजेड उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत पडतो आणि चमक जमिनीकडे जाते. समोरच्या ट्यूब बंदच ठेवायच्या.

निपाणीकर
पण जलरंगाला ५० लक्सच (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) चालतात ना? तेवढ्यात वयस्कर माणसाला निळा-जांभळा वेगळा कळायचा नाही.

रंगरेषा, शहापूर
दादा, ती मर्यादा संग्रहालयात महिनोन्महिने टांगलेल्या चित्रांसाठी. रंग उडतो तो साठत गेलेल्या उजेडानं. पाच दिवस रोज तीन तास १५० लक्स दिले तर २,२५० लक्स-तास होतात. ५० लक्सवर तेवढे ४५ तासांत भरतातच की. खरी भीती पावसाळ्याची. आपल्याकडच्या दमट हवेत चित्राची पाठ ओल्या भिंतीला टेकली की कागदाला बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहील.

निपाणीकर
दिव्यांचं पटलं. तरी रोज नऊ नको, बाहेरगावच्यांची परतीच्या गाडीची पंचाईत होते. शनिवारी ठेवा. आणि चित्राखाली माध्यम, माप, किंमत मराठी-कन्नड दोन्हींत लिहा. किंमत विचारायला लोक लाजतात आणि न विचारताच जातात.

हशा, खानापूर
शनिवार चालेल. इतर दिवशी नऊनंतर आम्ही टीव्हीसमोरच.